जुनी दुचाकी व तिचें साल

कापूस-सोयाबीनचे पैसे हातीं आले कीं आमच्या मंठ्यांत कित्येक घरीं एक वाद उपस्थित होतो. अठरा वर्षें पूर्ण झालेल्या चिरंजीवांस 'पल्सर' हवी असते. नवी परवडत नाहीं, म्हणून पितापुत्र वापरलेली पाहावयास जातात. मुलगा रंग पाहतो, वडील किंमत पाहतात. साल कोणीच नीट पाहत नाहीं.

नवें तें उत्तम, ही समजूत फसवी आहे. २२० सीसीची पल्सर २००७ सालीं फ्युएल इंजेक्शनसह निघाली. २००९ सालीं तिला कार्ब्युरेटर आला व किंमत उतरली. (गांवच्या मिस्त्रीस तोच अधिक सोयीचा!)

ब्रेकची गोष्ट मात्र निराळी. १ एप्रिल २०१९ पासून तयार होणाऱ्या, १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींस एबीएस सक्तीचें झालें. ओल्या रस्त्यावर एकाएकीं ब्रेक दाबला असतां चाक जखडून घसरूं नये, हें त्याचें काम. कित्येक गाड्यांत तें केवळ पुढील चाकास असतें. 'एनएस २००' ला दोन्ही चाकांस तें २०२३ सालीं मिळालें. एवढ्या एका सुधारणेसाठीं चार पैसे अधिक देणें मला योग्य वाटतें, वेगासाठीं नव्हे.

विकणारा सांगेल तें साल ग्राह्य धरूं नये. मे २०१९ मध्यें नोंदलेली गाडी फेब्रुवारींत तयार झालेली, म्हणून एबीएसविरहित, निघूं शकते. आर. सी. बुकांत निर्मितीचा महिना असतो. तो वडिलांनीं स्वतः वाचावा, आणि पुढील डिस्कजवळ एबीएसची बारीक खांचांची कडी आहे कीं नाहीं, तें वांकून पाहावें.