पाय भिजणारच, प्रश्न पुढचा आहे

मिरगाचा पाऊस जोर धरू लागला की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे पाय येतात. पहिले, भाताच्या रोपलावणीला दिवस दिवस चिखलात उभे राहणाऱ्यांचे. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, कातडी सोललेली. दुसरे, पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेहून परतलेल्या तरुणांचे. टाचेला फोड, अंगठ्याची नखे काळीनिळी. पहिल्यांच्या पायांत बूट नसतात, दुसऱ्यांचे बूट महागाचे असतात. पण दोघांचेही तळवे सारखेच पांढरे पडलेले आणि सुरकुतलेले दिसतात. हे साम्य पाहूनच आज हा विषय घेतला आहे.

गेल्या वर्षी जूनअखेरीस एक माध्यमिक शिक्षक आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा कॉलेजात. दोघेही जुलैत पावनखिंडीच्या मोहिमेला निघाले होते. १६६० सालच्या जुलैमध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, त्या वाटेने दरवर्षी शेकडो लोक चालतात. मसाई पठार, पुढे वाड्यावस्त्या, ओढे, लाल चिखल, पांढरेपाणी आणि मग खिंड. पन्नासेक किलोमीटरची चाल आणि डोक्यावर अखंड पाऊस.

सर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता तुम्हीच याला सांगा. आठ हजारांचा वॉटरप्रूफ बूट मागतोय. पाय कोरडा राहतो म्हणे. तब्येतीचा प्रश्न असेल तर घेतो, नाहीतर राहू दे."

मी मुलाला विचारले, "अरे, गुडघाभर ओढ्यात उतरलास की पाणी बुटात कुठून शिरेल?"

तो जरा थांबून म्हणाला, "वरून."

"मग खालचा वॉटरप्रूफ काय करणार?"

पाणी अडते, तसेच अडकतेही

वाचकहो, वॉटरप्रूफ बूट ही काही फसवणूक नव्हे. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटकन ताणून त्याचा अतिसूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार करण्याची युक्ती शोधली. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. आजच्या बहुतेक चांगल्या वॉटरप्रूफ बुटांत असाच काहीतरी पापुद्रा असतो.

मात्र वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. बाहेर थंडी आणि आत उबदार पाय असेल तर हे काम छान चालते. आपल्या सह्याद्रीत जुलैमध्ये हवाच ओलीचिंब असते, थंडीही बेताची. घामाने जायचे कुठे? तो आतच मुरतो. त्यात घोट्यावरून किंवा पँटच्या कडेवरून पाणी एकदा आत उतरले की तोच पापुद्रा ते बाहेर जाऊ देत नाही. बादलीला भोक नसले की पाणी सांडत नाही, तसे ते गळूनही जात नाही. जाळीचा किंवा कॅनव्हासचा साधा बूट भिजतो लवकर, पण चार पावले टाकली की बरेचसे पाणी फेकतो आणि वाळतोही लवकर.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, आपल्याकडच्या भर पावसातल्या डोंगरवाटांसाठी वॉटरप्रूफ बुटावर जादा पैसे घालू नयेत. हिमालयात बर्फातून चालायचे असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ओल्या पायाला हिमदंशाची भीती असते आणि पाणी अडवणारा बूट बोटे वाचवू शकतो. तिथे पैशाकडे पाहू नका. पण हिमालयाचे औषध मसाई पठाराला लागू पडत नाही.

मग बुटात पाहायचे काय?

पहिली गोष्ट तळवा. आपल्याकडे डोंगरात पाय भिजल्याने कोणी दरीत जात नाही, घसरल्याने जातो. १९३५ साली इटलीतल्या आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. त्यांच्या पायांत पुरेसे चांगले बूट नव्हते. या घटनेनंतर त्यांचा सहकारी विताले ब्रामानी याने खोल खाचांचा रबरी तळवा तयार केला. आजच्या डोंगरी बुटांचे तळवे त्याच वंशातले आहेत. दुकानात बूट उलटा करून पाहा. खाचा खोल आणि एकमेकींपासून लांब असाव्यात, म्हणजे चिखल त्यांत अडकून बसत नाही. रबर नखाने दाबून पाहा. दगडासारखे कडक रबर ओल्या कातळावर दगा देते, थोडे मऊ रबर बरे धरते. शेवाळावर मात्र कोणताच तळवा टिकत नाही. तिथे काठी आणि सावकाश पाऊल हाच उपाय.

दुसरी गोष्ट माप. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो आणि चालतानाही सुजतो. वापरायचे मोजे घालूनच बूट चढवा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मग दुकानाच्या पायऱ्या उतरून पाहा. उतरताना बोटे पुढे आपटत असतील तर उतारावर नखे काळी होणारच. टाच आत वरखाली होत असेल तर फोड ठरलेला. दुकानदार म्हणेल, "वापरून सैल होईल, साहेब." सैल बूट होईल की तुमची कातडी, याचा विचार करून उत्तर द्यावे.

घोट्याच्या वर येणारा बूट दगडाच्या ठेचा आणि काटे यांपासून वाचवतो. पण त्याने घोटा मुरगळायचा थांबतोच असे नाही. त्यासाठी महिनाभर आधीपासून चालण्याचा सराव लागतो. नवा बूटही निदान दोनतीन आठवडे गावात वापरून मगच डोंगरावर न्यावा.

जुन्या बुटाविषयी एक सूचना. अनेक बुटांच्या तळव्यात फोमसारखा एक थर असतो. दमट हवेत तो आपोआप कुजतो, बूट न वापरता कपाटात ठेवला तरी. चारपाच वर्षे जपून ठेवलेल्या बुटाचा तळवा मोहिमेच्या मध्यावर आख्खा सुटून हातात येतो, तो यामुळे. निघण्यापूर्वी बूट दोन्ही हातांनी वाकवून पाहा आणि सॅकमध्ये थोडी सुतळी असू द्या.

बुटापेक्षा रात्र महत्त्वाची

आता मूळ मुद्दा. पाय भिजणारच हे एकदा मान्य केले की प्रश्न उरतो तो एवढाच, की भिजलेला पाय पुन्हा कोरडा केव्हा होतो?

कातडी तासन् तास ओली राहिली की फुगते, पांढरी पडते आणि मऊ होते. मऊ कातडी घासली की सोलते, आणि सोललेल्या जागेतून बुरशी व जंतू आत शिरतात. पहिल्या महायुद्धात १९१४च्या हिवाळ्यात खंदकांतल्या पाण्यात उभ्या राहिलेल्या हजारो सैनिकांचे पाय असेच निकामी झाले. त्या थंडीत काहींना पाय गमवावे लागले. ब्रिटिश सैन्याने त्यावर जो उपाय काढला तो अगदी साधा होता. पाय पुसायचे, तेल चोळायचे, कोरडे मोजे घालायचे. शिवाय सैनिकांच्या जोड्या लावून दिल्या, आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचे पाय रोज तपासायचे.

आपल्याकडे रोपलावणीहून परतलेली बाई संध्याकाळी काय करते? पाय धुते, पुसते, चुलीपुढे शेकते, भेगांना कोकमतेल लावते. हे शहाणपण तिला कोणी शिकवावे लागत नाही. ज्या दिवशी दमून ती हे टाळते, त्या दिवसापासून चिखल्या वाढतात.

मोहिमेवर हेच करावे. सकाळी टाचेला आणि बोटांना पेट्रोलियम जेली चोळावी. मोजे सुती नसावेत. सुती मोजा पाणी धरून ठेवतो, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा बरा. दुपारच्या मुक्कामी बूट काढून दहा मिनिटे पाय हवेला ठेवावेत. कुठे चुरचुरले तर फोड येण्याची वाट न पाहता तिथे लगेच चिकटपट्टी लावावी. आणि एक मोज्यांची जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फक्त रात्रीसाठी ठेवावी. पाऊस कितीही असो, ती जोडी दिवसा वापरायची नाही. रात्री सातआठ तास पाय कोरडा राहिला की कातडी पुष्कळशी सावरते. ओले बूट मात्र चुलीजवळ ठेवू नका, त्यांचा डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ते पाणी शोषून घेतात. हा अंक वाचून झाल्यावर त्यासाठी वापरलात तरी संपादकांचा राग येणार नाही.

पायाला जखम असेल तर चिखल टाळा. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असतील तर जाण्यापूर्वीच घ्या. उंदीर आणि गुराढोरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि सोललेल्या कातडीतून शरीरात शिरतात. परतल्यावर दोनतीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना आधी हे सांगा की, मी चिखलापाण्यातून चाललो होतो. हे एक वाक्य निदानाचे दोन दिवस वाचवते.

सरांचे पाय

मुलाचे समाधान झाले. मग मी सरांकडे वळलो. त्यांना मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली आहेत. "सर, तुम्ही कोणता बूट घालणार?" ते हसले. "माझं काय, आहे जुनाच. मला काही टोचतबिचत नाही."

त्यांचे हे वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझे एक पेशंट, वय पंचावन्न, किराणा दुकानदार, अशाच एका मोहिमेला गेले. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेली. करंगळीशेजारी फोड आला, फुटला, चिघळला, त्यांना कळलेच नाही. मोज्याला वास येऊ लागला तेव्हा आठव्या दिवशी घरच्यांनी आणले. पाय लाल होऊन सुजला होता. शहरात पाठवले, तिथे दोन बोटे कापावी लागली. नऊ वर्षे मी त्यांची साखर तपासत होतो, गोळ्या बदलत होतो. नऊ वर्षांत एकदाही त्यांना "चप्पल काढा, तळवा दाखवा" असे म्हटले नव्हते. ती चूक माझी होती. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या खणात नायलॉनचा एक ठरावीक जाडीचा धागा असतो. तो तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबला की दहा ग्रॅमचा दाब पडतो. निरोगी पायाला तो कळतो.

सरांना डोळे मिटायला सांगितले आणि दोन्ही तळव्यांवर मिळून दहा ठिकाणी धागा टेकवला. चार ठिकाणी ते काहीच बोलले नाहीत. मुलगा ते पाहत होता. धागा टेकत होता आणि वडील गप्प होते. बुटाचा विषय तो विसरूनच गेला.

सरांना मी मोहिमेची परवानगी दिली नाही. दोन दिवस ओल्या बुटात राहणे ही त्यांच्या पायांना परवडणारी गोष्ट नाही. खूप गळ घातली तेव्हा एवढेच ठरले की पहिल्या दिवशी मसाई पठारापर्यंत चालायचे आणि तिथून गाडीने परत फिरायचे. बूट नवा, नीट मापाचा आणि आधी सवयीचा केलेला. दर तासाला थांबायचे, बूट काढायचा आणि तळवे मुलाने पाहायचे. त्यांना स्वतःला कळणार नव्हते, म्हणून. आठ हजारांतले निम्मे पैसे सरांच्या बुटाला गेले, मुलाने साधाच बूट घेतला.

पठारावर सरांच्या डाव्या टाचेवर रुपयाएवढा लाल डाग मुलाला दिसला. सरांना काही जाणवत नव्हते. मुलाने तिथेच मोहीम थांबवली आणि वडिलांना खाली घेऊन आला. दोन दिवसांत तो डाग गेला.

मधुमेह असलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांनी सांगितले नाही तरी चप्पल काढा आणि तळवे दाखवा. डॉक्टर विसरतात. मीही नऊ वर्षे विसरलो होतो. आणि डोंगरावर निघणाऱ्या तरुणांनो, बुटाची किंमत विचारण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांचे पाय एकदा पाहा.