घरचा संगणक : ‘परवानगी नाही’ म्हणजे बिघाड नव्हे

संगणकावर एखादा प्रोग्रॅम व्यवस्थित बसतो, उघडतोही. पण केलेले काम साठवायला जावे तर पडद्यावर ‘ॲक्सेस इज डिनाइड’ अशी पाटी येते. घरात कोणालाच अर्थ कळत नाही. मग दुरुस्तीवाल्याला बोलावणे जाते आणि पुष्कळदा एकच सल्ला मिळतो : ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ मित्रहो, फॉरमॅट म्हणजे सारी पाटी कोरी करणे! मुलीचा बायोडाटा, दाखल्यांच्या प्रती, लग्नाचे फोटो त्यात जाऊ शकतात; वर पदरचे पैसे जातात ते वेगळेच. म्हणून या परवानगीच्या भानगडीविषयी आज आम्ही लिहीत आहोत.

आम्ही कारकुनी करणारी माणसे, तेव्हा कचेरीतलाच दाखला देतो. रेकॉर्ड रूममधील फाईल अनेकांना वाचता येते. तीवर शेरा मारण्याचा अधिकार मात्र ठराविक माणसालाच असतो. विंडोजमध्येही प्रत्येक फोल्डरला अशी यादी जोडलेली असते. कोणी वाचायचे, कोणी लिहायचे, कोणी पुसायचे, हे तीत ठरलेले असते. ही व्यवस्था १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आली. घरगुती विंडोज ९५ व ९८ मध्ये ती नव्हती. २००१ च्या एक्सपीने ती घरात आणली. पण तेव्हा बहुतेक जण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून, म्हणजे सर्वाधिकार घेऊनच बसत. त्यामुळे ती जाणवली नाही. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून मात्र ॲडमिनिस्ट्रेटरने उघडलेले प्रोग्रॅमही एरवी साध्या अधिकारावरच चालतात. ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरमधील प्रोग्रॅम चालवता येतो, पण तेथे काही लिहिता येत नाही. व्हायरसने ढवळाढवळ करू नये, हा त्यामागचा हेतू आहे.

अडतात ते जुन्या वळणाचे प्रोग्रॅम. टायपिंगचा सराव, दुकानाचा जमाखर्च असे जुने प्रोग्रॅम आपली माहिती स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहू पाहतात आणि तेथेच अडतात.

कधीकधी तर पाटीही येत नाही. विंडोज अशा काही जुन्या प्रोग्रॅमचे लिखाण गुपचूप त्या त्या माणसाच्या खात्यात ठेवते. समजा, एका भगिनीने बचत गटाचा हिशेब आपल्या खात्यातून लिहिला आणि मुलाने स्वतःच्या खात्यातून तोच प्रोग्रॅम उघडला, तर त्याला महिन्याभराच्या नोंदी दिसत नाहीत. ‘हिशेब कुठे गेला?’ असे गटातल्या बायका विचारू लागल्या, तर त्या प्रामाणिक बाईने काय सांगावे? हिशेब गेलेला नसतो. सी ड्राइव्हवरील ‘युजर्स’, त्यात तिच्या नावाचा फोल्डर, पुढे ‘ॲपडेटा’, ‘लोकल’ आणि ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या वाटेने गेल्यास तो सापडतो. ‘ॲपडेटा’ एरवी लपवलेला असतो. ‘व्ह्यू’मधून लपलेल्या गोष्टी दाखवण्याची खूण करावी. अशा वेळी फॉरमॅट मारला तर असलेला हिशेब खरोखरच जाईल!

आता उपाय क्रमाने पाहू.

पहिले, पाटीवर ज्या फोल्डरचे नाव असेल ते वहीत उतरवून घ्या आणि महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या. व्हर्च्युअलस्टोअरमध्ये काही असेल तर तेही घ्या.

दुसरे, प्रोग्रॅमच्या चिन्हावर उजवे बटण दाबून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. असे केल्यावर काम चालले, तर दोष बहुधा परवानगीचाच आहे. परंतु ही रोजची सवय करू नका. त्यामुळे प्रोग्रॅमच्या हाती सगळा अधिकार जातो.

तिसरे, माहिती साठवण्याची जागा प्रोग्रॅममध्ये बदलता येत असेल तर ‘डॉक्युमेंट्स’ निवडा. तेवढ्यानेही बहुधा भागते.

चौथे, तेही जमत नसेल तर फक्त त्या प्रोग्रॅमच्या फोल्डरवर उजवे बटण दाबा. ‘प्रॉपर्टीज’, मग ‘सिक्युरिटी’, मग ‘एडिट’ उघडा. यादीतील ‘युजर्स’ निवडून ‘अलाउ’खाली ‘मॉडिफाय’वर खूण करा आणि ‘अप्लाय’ दाबा. यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागू शकतो. माहितीचा फोल्डर वेगळा असेल तर परवानगी तेवढ्यालाच द्या.

‘डॉक्युमेंट्स’मध्येच लिहिता येत नसेल, तर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ पाहावे. तेथे ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ कोणी चालू केलेले असल्यास, खात्रीच्या प्रोग्रॅमला तेवढी मुभा द्यावी. ही सोय विंडोज १० मध्ये २०१७ साली आली.

काय करू नये, तेही तितकेच महत्त्वाचे आहे. संपूर्ण सी ड्राइव्हला ‘एव्हरीवन’ व ‘फुल कंट्रोल’ कधीही देऊ नका. कपाटाचे एक कुलूप अडले म्हणून घराची सारी दारे कोणी काढून टाकत नाही. ‘विंडोज’ नावाच्या फोल्डरला हात लावू नका. ‘डिनाय’च्या चौकटीत खूण करू नका, ‘युजर्स’मध्ये आपणही येतो, त्यामुळे स्वतःचीच वाट बंद होते. फोल्डरच्या ‘रीड-ओन्ली’ चौकटीतील ठिपका काढूनही पुन्हा दिसतो. या दोषाशी त्याचा संबंध नाही.

एवढे करूनही अडले तर जाणकाराला जरूर बोलवा. पण ‘फॉरमॅट’ हा शब्द निघताच दोन प्रश्न विचारा : कोणत्या फोल्डरची परवानगी अडली आहे? आणि ती कोणाला, किती द्यायची? ज्याला याचे उत्तर देता येते त्याच्याच हाती संगणक द्या; आणि तो जे करील ते घरातल्या मुलांनी शेजारी बसून वहीत लिहून घ्यावे. पुढच्या खेपेला त्या वहीवरच काम भागेल.