छडी गेली, पुढे काय?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना मारणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे निषिद्ध ठरवले. त्याच कायद्याच्या अनुसूचीत शिक्षक, क्रीडांगण, कुंपणभिंतसुद्धा आहे. समुपदेशक मात्र नाही. छडी काढून घेतली, तिच्या जागी काही दिले नाही.

‘आमच्या वेळी कुठे होते समुपदेशक?’ असे विचारणाऱ्यांना आम्ही सांगतो : नव्हते, म्हणूनच घरातले दुःख दप्तरात घेऊन येणारे मूल ‘मठ्ठ’ किंवा ‘व्रात्य’ ठरले. राग शब्दांत मांडणे, भांडण मिटवणे, एकट्या सवंगड्याला खेळात घेणे, हेही शिकवावेच लागते. साठ मुलांच्या वर्गात एकट्या बाईंनी ते कधी शिकवावे?

पालकहो, शाळेच्या नव्या मजल्याला देणगी देण्याआधी समुपदेशक मागा. भिंती थांबतील, बालपण थांबत नाही.