काकूंची भिंत आणि माझं वायफाय

"तुमचा आवाज कटून राहिला जी, मॅडम!"

मागच्या महिन्यातली गोष्ट. स्क्रीनवर गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेच्या शिक्षिका. शाळेच्या व्हरांड्यात मोबाइल धरून बसलेल्या. आणि इकडे मी, पुण्यात ऐन सदाशिव पेठेत, 100 एमबीपीएसचं फायबर कनेक्शन घेऊन! आता सांगा, नेट कोणाचं गेलं असेल? बरोब्बर.

वीस मिनिटं छान चालली होती. मग त्या एका विद्यार्थिनीबद्दल सांगायला लागल्या. अचानक शाळा सोडून गेलेली मुलगी. बोलता बोलता आवाज जड झाला, आणि तेवढ्यात माझ्या स्क्रीनवर ते गोल गोल फिरणारं चक्र सुरू. मी लॅपटॉप दोन्ही हातांत धरून घरभर "हॅलो, हॅलो" करत फिरले. परत कनेक्ट झालं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "पुण्यात नेट नाही का जी?" आणि विषय बदलला. ती तीन-चार मिनिटं रेकॉर्डिंगमध्येही नाहीत. माझी स्टोरी त्याच तीन-चार मिनिटांत होती.

मग मी तेच केलं जे तुम्ही करता. कस्टमर केअरला फोन लावून भांडले. तक्रार नंबर घेतला. तेवढ्यानं मन शांत होईना म्हणून एक रिपीटर मागवला आणि माझ्या टेबलाशेजारच्या प्लगमध्ये खोचला. लगेच मोबाइलवर फुल्ल रेंज! नेट मात्र तेवढंच ढिम्म.

दोन दिवसांनी सर्व्हिसवाला मुलगा आला. त्यानं काहीच न बोलता स्वतःचा जुनापुराणा लॅपटॉप काढला, राउटरला वायर लावली आणि स्पीड टेस्ट चालवली. 96. मग वायर काढून मधल्या खोलीत, 38. माझ्या टेबलापाशी, 3. "मॅडम, लाइन ओके आहे," तो म्हणाला आणि भिंतीवर टकटक केलं. "ही बघा तुमची."

माझी ट्यूब तेव्हा पेटली. घरापर्यंत येणारं इंटरनेट वेगळं आणि घरात फिरणारं वायफाय वेगळं. आपण दोन्हीला मिळून "नेट" म्हणतो आणि बिल कंपनीवर फाडतो. पुढच्या वेळी फोन उचलण्याआधी वायर लावून बघा. वायरवर स्पीड पूर्ण येत असेल तर भांडण घरातच मिटवायचं आहे.

आता माझं घर. आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागून एक तीन खोल्या. भिंती इतक्या जाड, की खिडकीत मांडी घालून बसता येतं. (भाड्यानं घेताना मी याच खिडकीवर भाळले होते!) फायबर आलं बाल्कनीतून, म्हणून राउटर पहिल्या खोलीत, टीव्हीच्या मागे, जमिनीपासून फूटभर उंचीवर. माझं टेबल शेवटच्या खोलीत, कारण रस्त्याचा आवाज तिथे येत नाही. जिथे हॉर्न पोचत नाही तिथे वायफाय पोचावं, ही माझी अपेक्षा. शिवाय मधल्या भिंतीला टेकून घरमालकीणकाकूंचं आरसा लावलेलं लोखंडी कपाट. धातू म्हणजे या लहरींसाठी थेट प्रवेश बंद, आणि आरशाच्या मागेही धातूचाच पातळ थर असतो.

मोबाइलवर सिग्नल मोजणारं एक फुकट अ‍ॅप घेतलं. ते डीबीएममध्ये आकडा दाखवतं, तोही उणे. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. राउटरपाशी उणे 48, टेबलापाशी उणे 83. फरक फक्त 35 चा वाटतो ना? पण इथे दर 10 ला ताकद दहापट घटते. म्हणजे माझ्या टेबलावर पोचणारा सिग्नल तीन हजारपटींनी दुबळा! व्हिडिओ कॉल नीट चालायचा तर उणे 67 च्या आसपास तरी हवं, असा सर्वसाधारण हिशेब आहे.

रिपीटर का फसला तेही कळलं. मोबाइलला रिपीटर जवळ दिसत होता, म्हणून रेंज फुल्ल. पण रिपीटरला स्वतःलाच राउटर ऐकू येत नव्हता. तो लावायचा मधल्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून जिवंत आहे. त्यातून स्वस्तातला रिपीटर ऐकायला आणि बोलायला एकच रेडिओ वापरतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. मी तो परत केला.

आणि ते 2.4 की 5 गिगाहर्ट्झ? 2.4 म्हणजे लाल एसटी. लांब जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी पलीकडे पोचते, पण गर्दी तुफान. 2005 साली आपल्याकडे हा पट्टा लायसन्समुक्त झाला, आणि आज वायफाय, ब्लूटूथ सगळं त्यातच कोंबलेलं. मायक्रोवेव्हही त्याच सुमारास गरगरतो. 5 म्हणजे शिवनेरी. झकास वेग, पण सगळ्या गावांना जात नाही. 2.4 वापरायचंच असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल 1, 6 किंवा 11 ठेवा. हे तीनच एकमेकांच्या पायात येत नाहीत. माझ्या अ‍ॅपवर शेजाऱ्यांची चौदा नेटवर्कं दिसली, त्यातली आठ 6 वर!

उपाय एकच उरला, राउटर मधल्या खोलीत आणायचा. भिंतीला भोक पाडायला काकूंची परवानगी लागणार, म्हणून खाली गेले.

"भोक? अजिबात नाही!" काकू. मग दोन मिनिटांनी, "अगं, दारावर झरोका आहे ना? तिथनं घाल की."

इंजिनिअर काकूच निघाल्या. फायबरचा डबा आहे तिथेच ठेवला, त्यातून पंधरा मीटरची कॅट-6 केबल काढली, झरोक्यातून पलीकडे नेली आणि माझा दुसरा राउटर माळ्याच्या कडेला उंचावर ठेवला, अँटेना उभ्या. कपाट दोन फूट सरकवायलाही काकूंनी हो म्हटलं, पण ढकलताना जिन्यावरून सूचना चालूच. चारेकशे रुपयांत काम. टेबलापाशी आता उणे 62, स्पीड पन्नासच्या आसपास. 96 नाही, पण बास.

बाणेर-हिंजवडीच्या नव्या फ्लॅटवाल्यांनी हसू नये. तुमच्याकडे बिल्डरनं नेटचा पॉइंट दाराशेजारच्या पत्र्याच्या डब्यात दिलाय आणि राउटरही त्यातच झाकण लावून बसलाय, हो ना? आधी तो बाहेर काढा. मेशचा महागडा सेट घ्यायचाच असेल, तर त्याचे डबे शक्यतो वायरनंच जोडा.

गेल्या रविवारी बाईंना परत कॉल केला. पन्नास मिनिटं, एकदाही अडकलं नाही. मध्येच त्यांच्याकडची लाइट गेली, तर त्या अंधारातच बोलत राहिल्या. वसतिगृहाबद्दल बोलल्या, पगाराबद्दल, पावसात बंद होणाऱ्या रस्त्याबद्दल. त्या मुलीचा विषय मी हळूच काढून पाहिला. "ते सांगितलं ना मागच्या वेळी," असं म्हणून त्या गप्प झाल्या. मग मीही पुढचा प्रश्न विचारला.