२२२ विरुद्ध शून्य

वाचकहो, फराळाच्या ताटावर बसण्यापूर्वी एक कारीट फोडतो, रागावू नका.

जॉन हाइझमन हे नाव आपल्याकडे फारसे कुणी ऐकलेले नाही. अमेरिकेत मात्र महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला दरवर्षी जे मानाचे पारितोषिक मिळते, ते याच्या नावाचे. (हा फुटबॉल आपला नव्हे, लांबट चेंडू छातीशी कवटाळून, आडव्या येणाऱ्यांना धडका देत रेषेपलीकडे न्यायचा.) गृहस्थ कायद्याचा पदवीधर, सुटीत शेक्सपिअरच्या नाटकांतून कामे करणारा. १८९२ पासून १९२७ पर्यंत कॉलेजांतून पोरांना हा खेळ शिकवला. धडकाधडकीत पोरे जायबंदी होत, दगावत. चेंडू हवेतून पुढे फेकू द्या, असा धोशा त्याने वर्षानुवर्षे लावला आणि १९०६ साली तो नियम आला. येथवर माझा या गुरुजींना दंडवत.

पुढे १९१६. टेनेसीतल्या कंबरलंड या लहानशा कॉलेजाने आपला फुटबॉल संघच मोडला होता. हाइझमन तेव्हा जॉर्जिया टेकचा शिक्षक. त्याने करार पुढे केला: खेळायला या, नाही तर तीन हजार डॉलर दंड भरा. बिचाऱ्यांनी कसेबसे डझनभर विद्यार्थी गोळा केले आणि ७ ऑक्टोबरला अटलांटा गाठले. मध्यंतराला १२६ विरुद्ध शून्य. सामना संपला तेव्हा २२२ विरुद्ध शून्य! ज्या फेकीसाठी हा माणूस इतका झगडला, ती त्याच्या संघाने त्या दिवशी एकदाही वापरली नाही. गरजच काय होती?

त्याचे भक्त दोन कारणे सांगतात. त्याच वर्षी कंबरलंडने बेसबॉलमध्ये त्याच्या संघाला २२-० असे हरवले होते, आणि तेही भाडोत्री खेळाडू घालून, असा त्याला संशय होता. दुसरे, नुसत्या गुणांच्या बेरजेवरून संघांची थोरवी ठरवणाऱ्या वार्ताहरांना ती बेरीज किती पोकळ असते ते त्याला दाखवायचे होते. वा! गुन्हा बेसबॉलवाल्यांचा, मूर्खपणा वार्ताहरांचा आणि मार कुणाला, तर आयत्या वेळी धरून आणलेल्या पोरांना! एका पोराच्या चुकीसाठी सगळ्या वर्गाला छड्या मारणारे मास्तर मी पाहिले आहेत. हा तर शेजारच्या शाळेच्या वर्गात शिरला. आणि बेरीज पोकळ म्हणणाऱ्या या गृहस्थाची आठवण लोक कशाने काढतात? त्याच बेरजेने.

कुणी म्हणेल, मास्तर, तुम्ही मॅट्रिक झालेले, कादंबऱ्या लिहिणारे. तुम्हाला मैदानातले काय कळते? कळते. तालुक्याच्या खो-खो सामन्यात आमच्यापुढे एका वाडीवरची शाळा आली. मोजून नऊ पोरे, एकही राखीव नाही. पहिल्या डावातच निकाल लागला होता, तरी मी कडेला उभा राहून "सोडू नका!" म्हणून घसा फोडत होतो. सामना संपल्यावर त्यांचे गुरुजी माझ्यापाशी आले. मला वाटले, भांडतील. त्यांनी इतकेच विचारले, "सर, पोरांना प्यायला पाणी कुठे मिळेल?" मी नुसते बोट दाखवले.

तो चषक अजून आमच्या कार्यालयातल्या कपाटात आहे. बैठकीवर गुणसंख्या कोरून घ्यावी, ही सूचना माझीच होती.