मुलाची नोंद आईच्या हाती हवी

मुलाचे वजन, होऊन गेलेले आजार, चालू असलेली आणि न सोसणारी औषधे, लसींच्या तारखा एका कागदावर लिहून तो हाताशी ठेवावा, असा सल्ला डॉक्टर पालकांना देतात. सल्ला रास्त आहे. लहान मुलांना बहुतेक औषधे वजनाच्या हिशेबाने द्यावी लागतात. पेनिसिलिनची ॲलर्जी ठाऊक नसेल तर उपचारच जिवावर बेततो. धनुर्वाताची लस केव्हा टोचली हे कळले तरच जखमेवरचा पुढचा इलाज नीट ठरतो. प्रश्न एवढाच की, असा कागद कोणाच्या मुलाजवळ आहे?

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार मुकादमाची उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मागे सांभाळणारे कोणी नसले की पोरेही बरोबर निघतात. गाळप संपेपर्यंत पाचटाची खोपी हेच त्यांचे घर. कोयत्याची जखम, गाडीचे चाक, रात्रीची फिट यांच्याशी गाठ तेथेच पडते. परक्या गावातला डॉक्टर पूर्वेतिहास विचारतो, आई निरुत्तर होते, आणि तिच्या अडाणीपणावर ठपका ठेवून सारे मोकळे होतात.

हा ठपका अन्यायाचा आहे. माहिती आईने हरवलेली नाही. ती सरकारी दप्तरांत विखुरलेली आहे. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडी मुलाचे वजन नोंदवते. २०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील दोष व आजार शोधतात. आईला मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डात मुख्यतः लसी आणि वाढ यांच्याच नोंदी असतात. २०२३ साली सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासलेल्या व्यक्तीस कार्ड देण्याची तरतूद आहे. म्हणजे तत्त्व शासनाला मान्य आहे. मग हृदयदोष, दमा, अपस्मार यांनी ग्रासलेल्या मुलाने काय गुन्हा केला?

'आभा'चा १४ अंकी क्रमांक मिळाल्यावर कागद कशाला, असे शहरी पंडित विचारतील. खाते क्रमांकाने भरत नाही, नोंदींनी भरते. घरातला एकुलता एक फोन बापाच्या खिशात, बाप फडात आणि मूल दवाखान्यात, ही स्थिती त्या पंडितांच्या हिशेबात नाही. खोपीत कागद टिकणार नाही, हा आक्षेपही पोकळ आहे. रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वर्षानुवर्षे जपणारी आई हाही कागद जपेल.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी: टोळी गाव सोडण्यापूर्वी अंगणवाडी, शाळा आणि आरोग्य उपकेंद्र यांनी मिळून प्रत्येक मुलाच्या नोंदीचा एक पानी कागद आईच्या हाती द्यावा, कर्नाटकात जाणाऱ्यांना तो कन्नडमध्येही मिळावा, आणि हंगामात त्यावर पुढची नोंद होईल याची जबाबदारी कारखान्यावर टाकावी.

शासन हलेपर्यंत कार्यकर्त्यांनी हात बांधून बसू नये. दसऱ्यापासून गावोगाव बसून, आईच्या संमतीने, असलेल्या नोंदी उतरवून द्याव्यात. ठाऊक नसेल तेथे जागा कोरी सोडावी. अंदाजाने भरलेली नोंद कोऱ्या जागेहून घातक. मजुरीच्या लढ्यापुढे हे काम किरकोळ वाटेल. पण ज्याच्या भाकरीसाठी तो लढा चालला आहे, ते मूल आधी जगले पाहिजे.