गल्ल्यावरच्या फोनवर बँकेचा ओटीपी नको!

शटरला आपण दोन-दोन कुलपं लावतो, पण बँकेचा ओटीपी येणारा फोन दिवसभर गल्ल्यावर पडून! माझं स्पष्ट मत आहे: ऑर्डरचा नंबर वेगळा, बँकेचा आणि ईमेलचा वेगळा. दुसऱ्या सिमचा खर्च डोळ्यांवर येतो, पण 'पासवर्ड विसरलो'ची लिंक ईमेलवरच येते. ईमेल गेला की बाकीची खाती उघडीच. म्हणून जीमेल, व्हॉट्सॲपला आजच टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. सिमलाही पिन ठेवा. फोन चोरून सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकलं तरी पिनशिवाय चालणार नाही. दुकानातल्या पोरांना सांगून ठेवा, पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. तरीही कुणी फसलं तर ओरडत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे लांब.